पायाला हात न लावता टायनी कोअर लिनक्स आपल्यासारखं करून घेणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी टायनी कोअर लिनक्स ही अगदी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. ती मशिन्स लावताना, आणि नंतर ती बघून ‘आमच्याकडे पण एक धूळ खात पडलाय, त्याचं काही होईल का’ असं विचारणाऱ्यांशी बोलताना जे प्रश्न सारखे येत राहिले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. फाइलींची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची. प्रश्न क्रमाने वाचले तर बरं पडेल. अर्थात पुणं हे सूचना लिहिणाऱ्यांचं शहर आहे, वाचणाऱ्यांचं नव्हे, याची कल्पना आहे.

पायाच्या फाइली म्हणजे नेमक्या कोणत्या?

दोनच. एक कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेली व्हीएमलिनझ नावाची फाइल, आणि दुसरी कोअर.जीझेड. ६४-बिट आवृत्तीत त्यांची नावं व्हीएमलिनझ६४ आणि कोअरप्युअर६४.जीझेड अशी असतात. अख्खी मूळ सिस्टिम या दोघींत येते. डेस्कटॉपसकट टायनीकोअरची आयएसओ, म्हणजे उतरवून घ्यायची एकसंध फाइल, साधारण २५ एमबीच्या आतबाहेर भरते. लग्नाच्या फोटोग्राफरने पाठवलेला एक फोटोही कधीकधी तेवढा असतो.

कॉम्प्युटर सुरू झाला की कोअर.जीझेड रॅममध्ये उलगडली जाते आणि पुढचं सगळं काम रॅममधल्या त्या प्रतीवर चालतं. डिस्कवरच्या मूळ फाइलीत चालू सिस्टिम काहीही लिहीत नाही. गणपतीचा मांडव दरवर्षी रस्त्यावर नव्याने उभा राहतो आणि विसर्जनानंतर उतरतो, तसं हे प्रत्येक बूटला होतं. फरक इतकाच, की इथे मागे खड्डे उरत नाहीत.

रॉबर्ट शिंगलडेकर यांनी २००८ च्या सुमारास हा प्रकल्प सुरू केला. त्याआधी ते डॅम स्मॉल लिनक्सवर काम करत. ‘पाया छोटा ठेवा, बाकी सगळं बाहेरून जोडा’ हा विचार तेव्हापासून आजतागायत तसाच आहे.

मूळ फाइल उघडून तिच्यातच हवं ते भरलं तर काय बिघडतं? इंटरनेटवर तर कृती दिलेली असते.

बिघडत काही नाही, चालतं. त्याला रीमास्टर करणं म्हणतात, आणि ते करून देणारं अवजारही मिळतं. पण एकदा ते केलं की पुढची प्रत्येक आवृत्ती तुमच्या मानगुटीवर बसते. नवी कोअर.जीझेड आली की ती पुन्हा सोडा, पुन्हा भरा, पुन्हा बांधा. दोन वर्षांनी आपण आत काय घातलं होतं तेच आठवत नाही.

दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. काही अडलं, तर चूक मूळ सिस्टिमची की आपली, हे शोधायला एक तरी गोष्ट शंभर टक्के कोरी असावी लागते. पायाला हात लावलेला नसला की बूटच्या ओळीत, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर कर्नलला ज्या ओळीतून सूचना देतो तिच्यात, ‘बेस’ आणि ‘नोरिस्टोअर’ हे दोन शब्द टाकायचे. आपलं काहीही न जोडलेली, निव्वळ मूळ सिस्टिम समोर येते. ती नीट चालली तर दोष आपल्या बाजूचा. पायातच खिचडी केली असेल तर ही सोय गेली.

मग माझे बदल राहतात कुठे?

सगळा विषय या एका प्रश्नात आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ‘टीसीई’ नावाचा एक फोल्डर असतो. चालू सिस्टिममधून तिथे जायचा आडवाटेचा रस्ता म्हणजे ‘ईटीसी’मधल्या ‘सिसकॉन्फिग’मधला ‘टीसीईडिर’ हा दुवा. टीसीई फोल्डरमध्ये ‘ऑप्शनल’ नावाचा उपफोल्डर आहे, त्यात उतरवून घेतलेले प्रोग्रॅम असतात. शेजारी ऑनबूट.एलएसटी ही साधी मजकुराची फाइल असते. यातले कुठले प्रोग्रॅम सुरुवातीलाच जोडायचे त्याची ती यादी, एका ओळीत एक नाव. आणि तिथेच मायडेटा.टीजीझेड असते: तुमच्या सेटिंगचं गाठोडं. बंद करताना ते बांधलं जातं (यालाच बॅकअप म्हणतात), सुरू करताना सोडलं जातं.

गाठोड्यात काय बांधायचं ते ‘ऑप्ट’ फोल्डरमधली .फाइलटूल.एलएसटी ठरवते. मुळात त्यात दोनच नावं असतात: ‘ऑप्ट’ आणि ‘होम’. काय वगळायचं ते .एक्सफाइलटूल.एलएसटी ठरवते, ब्राउझरची कॅश वगैरे कचरा तिथे आधीच नोंदलेला असतो. दोन्ही नावांच्या सुरुवातीला टिंब आहे, म्हणजे या फाइली लपलेल्या असतात. ‘फाइल सापडतच नाही’ असे फोन येतात ते बहुतेक या टिंबामुळे.

याशिवाय ऑप्टमध्ये बूटलोकल.एसएच आहे. दर वेळी सुरू होताना ज्या आज्ञा चालायला हव्यात त्या हिच्यात लिहायच्या. डेस्कटॉप उघडल्यावर चालवायच्या गोष्टी मात्र होममधल्या ‘.एक्स.डी’ या फोल्डरात ठेवायच्या.

आता आमचं मत, जे बहुतेक जण पटवून न घेता पुढे जातात: प्रोग्रॅम ऑप्शनलमध्ये, आज्ञा बूटलोकलमध्ये, कागदपत्रं डिस्कवरच्या वेगळ्या फोल्डरात, आणि गाठोड्यात फक्त बारीकसारीक सेटिंग. ज्याला ही वाटणी जमली त्याला पुढचे निम्मे प्रश्न पडत नाहीत. ज्याला ‘सगळंच बॅकअपमध्ये टाकू, झंझट नको’ असं वाटतं, त्याने पुढचे सगळे प्रश्न वाचावेत.

प्रोग्रॅम टाकला म्हणजे नक्की काय झालं? फाइली सिस्टिममध्ये कॉपी झाल्या का?

नाही. प्रत्येक प्रोग्रॅम ही टीसीझेड आडनावाची एक दाबून बांधलेली, फक्त वाचता येणारी स्क्वॅशएफएस फाइल असते, तिलाच एक्स्टेंशन म्हणतात. ती जोडली की ‘टेंप’ फोल्डरमधल्या ‘टीसीलूप’खाली उघडली जाते, आणि मूळ सिस्टिममध्ये जिथे जिथे तिच्या फाइली दिसायला हव्यात तिथे फक्त दुवे तयार होतात. फाइल तिथे आहे असं वाटतं, पण तो नुसता बाण असतो. त्यामुळे पन्नास प्रोग्रॅम जोडले तरी त्यांच्या आकाराइतकी रॅम एकदम खर्ची पडत नाही.

याचा एक परिणाम हमखास गोंधळ उडवतो. एखाद्या प्रोग्रॅमची कॉन्फिग फाइल उघडून बदलायला गेलात, रूट होऊन, म्हणजे सगळे अधिकार घेऊन गेलात तरी, ‘रीड-ओन्ली’ असा निरोप येतो. कारण बाणाच्या टोकाला असलेलं स्क्वॅशएफएस लिहिता येण्यासारखं नसतंच. उपाय साधा आहे. बहुतेक प्रोग्रॅम होममधल्या कॉन्फिगला आधी मान देतात. तिथे प्रत करून ती बदला. तसं नसेल, तर दुवा काढून त्या जागी खरी फाइल ठेवा आणि तिचा पत्ता फाइलटूल यादीत लिहा.

सगळे प्रोग्रॅम ऑनबूटमध्येच ठेवायचे का?

नको. रोज लागतात तेवढे ठेवा, बाकीचे ‘ऑनडिमांड’ करा. त्यांचं नाव मेनूत दिसतं, क्लिक केल्यावरच ते जोडले जातात. जुन्या हार्डडिस्कवर बूटच्या वेळेत फरक चांगलाच जाणवतो.

बंद करताना कॉम्प्युटर खूप वेळ घेतो, अडकल्यासारखा वाटतो. हँग झालाय का?

बहुधा नाही. तो गाठोडं बांधतोय आणि तुम्ही त्यात गोदाम भरलंय.

आमच्याकडे हे असं घडायचं. मुलं आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, चालू घडामोडींची मासिकं, राज्यशास्त्राच्या स्कॅन केलेल्या नोट्स, सगळं डाउनलोड्समध्ये उतरवायची. डाउनलोड्स होममध्ये, होम फाइलटूलच्या यादीत, म्हणजे संध्याकाळी बंद करताना ती सगळी रद्दी दाबून मायडेटामध्ये, आणि सकाळी सुरू करताना तीच रद्दी रॅममध्ये. दोन जीबी रॅमचं मशिन ब्राउझर उघडायच्या आधीच धापा टाकायचं.

उपाय असा: डिस्कच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एका वेगळ्या केलेल्या भागावर, एक फोल्डर करा. होममधला डाउनलोड्स काढून टाका आणि त्याच नावाचा दुवा त्या फोल्डरकडे करा. बॅकअप घेताना दुव्याची फक्त नोंद जाते, पलीकडचा माल जात नाही. ब्राउझरला काही कळत नाही, तो नेहमीप्रमाणे डाउनलोड्समध्येच उतरवत राहतो. पार्टिशन सुरुवातीलाच जोडलं जाईल अशी एक माउंटची ओळ मात्र बूटलोकलमध्ये हवी, नाहीतर दुवा हवेत लटकेल.

दुसरा मार्ग म्हणजे बूटच्या ओळीत ‘होम=’ लिहून पुढे पार्टिशनचं नाव देणं. मग अख्खं होमच डिस्कवर राहतं आणि गाठोड्यात जायची गरज उरत नाही. एकट्याच्या लॅपटॉपला हा छान. पार्टिशन मात्र ईएक्सटी४ सारखं लिनक्सचं हवं, पेनड्राइव्हवरच्या फॅट३२ वर हे करू नका.

ईटीसीमधली एखादी फाइल बदलली, पण रीस्टार्टनंतर ती पूर्ववत झाली.

व्हायलाच हवी, ती पायातून नव्याने आली. तुमची बदललेली प्रत टिकवायची असेल तर तिचा पत्ता .फाइलटूल.एलएसटीमध्ये एका ओळीवर लिहा आणि बॅकअप घ्या. पत्ता लिहिताना सुरुवातीची तिरपी रेघ द्यायची नाही. पासवर्ड बदलला असेल, तर त्यासाठी ईटीसीमधली ‘शॅडो’ ही फाइल नोंदवावी लागते. ती न नोंदवता ‘पासवर्ड टिकत नाही’ अशी तक्रार करणारे बरेच भेटतात.

मग अख्खं ईटीसीच यादीत टाकलं तर? एक एक फाइल कोण बघत बसणार?

अजिबात नको. आज सगळं सुरळीत चालेल. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती टाकाल, तेव्हा नव्या पायातून नव्या फाइली येतील आणि तुमचं जुनं गाठोडं त्यांच्यावर जुन्या फाइली आणून आपटेल. मग सिस्टिम अर्धी नवी, अर्धी जुनी. अशी बिघाडं शोधणं फार वेळखाऊ, कारण कुठेच स्पष्ट चूक दिसत नाही. यादीत नेमकी फाइल लिहा, फोल्डर नाही. ‘यूएसआर’ फोल्डरचंही तेच.

ज्यांची यादी दहा-बारा ओळींच्या पुढे गेली आहे त्यांनी थांबून विचार करावा. त्यातलं बरंचसं बूटलोकलमध्ये एका आज्ञेने होण्यासारखं असतं. उदाहरणार्थ, होस्ट फाइलीत एक ओळ वाढवायला अख्खी फाइल बॅकअपमध्ये कशाला? ती ओळ जोडणारी आज्ञा बूटलोकलमध्ये लिहा. मूळ फाइल पायातली ताजी राहते, वर तुमची ओळ येते.

चालू असताना लाइट गेली तर?

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पुणेकराला सांगायला नको, आणि बाकीच्या वारी न सांगता जाते. पाया आणि प्रोग्रॅम यांना काहीही होत नाही, त्यांच्यावर कुणी लिहीतच नव्हतं. शेवटच्या बॅकअपनंतर केलेले सेटिंगमधले बदल मात्र गेले. ते रॅममध्ये होते.

म्हणून काही महत्त्वाचं बदललं की बंद करायची वाट न बघता ‘फाइलटूल.एसएच -बी’ ही आज्ञा चालवा. लगेच गाठोडं बांधलं जातं.

खरी जोखीम वेगळीच आहे: गाठोडं बांधत असतानाच लाइट गेली तर मायडेटा अर्धवट राहू शकते. यासाठी बंद करण्याच्या खिडकीत ‘सेफ’ हा पर्याय आहे. तो निवडला की आधीची प्रत मायडेटाबीके.टीजीझेड नावाने बाजूला ठेवली जाते. नवी खराब निघाली तर जुनीचं नाव बदलून चालवता येते. यूपीएस नसलेल्या मशिनवर दुसरा पर्याय निवडूच नये. गाठोडं छोटं असेल तर बांधायला क्षण-दोन क्षण लागतात आणि जोखीमही तेवढीच उरते. वरच्या डाउनलोड्सच्या उत्तराचं हेही एक कारण.

घड्याळ चुकीचं दाखवतं.

बूटच्या ओळीत ‘टीझेड=’ लिहून पुढे आयएसटी, मग वजाचं चिन्ह, मग ५:३० असं द्या. अधिक नाही, वजा. आपण ग्रिनिचच्या पुढे असूनही वजा, कारण पॉझिक्स या युनिक्स घराण्यातल्या प्रमाणाच्या पद्धतीत चिन्ह उलटं धरतात. अधिक लिहिलंत तर घड्याळ बरोबर ११ तास मागे जाईल.

त्याच मशिनवर विंडोजही असेल तर ‘नोयूटीसी’ हा शब्दही जोडा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहून ठेवतं, टायनी कोअर तिथे यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची वेळ आहे असं धरून चालतं. आणि दर वेळी तारीख कित्येक वर्षं मागे जात असेल तर लिनक्सचा संबंध नाही, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटवर बोंब मारतो, हे लक्षात आलं नाही तर माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो. सेल बदला. तोवर ‘गेटटाइम.एसएच’ बूटलोकलमध्ये घाला, ती नेटवरून वेळ आणते.

मराठी दिसत नाही, चौकोन दिसतात. फॉन्ट कुठे टाकायचे?

एकाच मशिनपुरता प्रश्न असेल तर होममध्ये ‘.फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर करा आणि लोहित देवनागरी किंवा नोटो देवनागरीची फाइल त्यात ठेवा. आकार किरकोळ असतो, गाठोड्यात गेला तरी चालतं.

अनेक मशिन्स असतील तर स्वतःचं एक्स्टेंशन बांधा. ऐकायला भारी वाटतं, पण काम चहा गाळण्याइतक्या वेळाचं आहे. एक रिकामा फोल्डर घ्या. त्याच्या आत यूएसआर, त्यात लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स अशी उतरंड करा. सगळ्यात आत फॉन्टच्या फाइली ठेवा आणि सगळ्याची मालकी रूटकडे द्या. मग ‘स्क्वॅशएफएस-टूल्स’ हे एक्स्टेंशन उतरवून ‘एमकेस्क्वॅशएफएस’ ही आज्ञा त्या फोल्डरवर चालवा आणि तयार होणाऱ्या फाइलीचं आडनाव टीसीझेड ठेवा. ती ऑप्शनलमध्ये टाका, नाव ऑनबूट यादीत लिहा. झालं. आता हीच एक फाइल पेनड्राइव्हवरून प्रत्येक मशिनवर नेता येते. वॉलपेपर, मेनूतल्या नोंदी, ब्राउझरची ठरलेली सेटिंग, सगळं याच पद्धतीने एका फाइलीत बसतं. आम्ही अभ्यासिकेसाठी नेमकं हेच केलंय. पायाला हात न लावता बदल करण्याचा याहून नीटनेटका मार्ग आम्हाला माहीत नाही, आणि गंमत म्हणजे लोक सगळ्यात कमी वापरतात तो हाच.

एक खबरदारी. एक्स्टेंशन जोडताना एखादी स्क्रिप्ट चालवायची असेल तर ती ‘टीसीई.इन्स्टॉल्ड’ या फोल्डरात ठेवतात. त्या फोल्डरचा गट ‘स्टाफ’ आणि परवानगी ७७५ असावी लागते. ती चुकली तर तुमच्यानंतर जोडले जाणारे प्रोग्रॅम एकामागोमाग नापास होतात, आणि दोष त्यांचा वाटतो.

आणि मराठी टाइप करायला?

पडद्यावर खिडक्या दाखवणारा, मुळात येतो तो छोटा एक्स सर्व्हर सोडा आणि एक्सऑर्ग घ्या. मग ‘सेटएक्सकेबीमॅप’ने इंग्रजीसोबत भारतीय मांडणी जोडा, बदलायला एखादी कळ ठरवा, आणि ती आज्ञा .एक्स.डी फोल्डरात एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवा. मांडणी इनस्क्रिप्टची मिळते. फोनवर ‘एएमएचआय’ टाइप करून ‘आम्ही’ मिळवायची सवय असलेल्यांना सुरुवातीला वैताग येतो, पण सरकारी टंकलेखनाच्या वाटेला जाणाऱ्यांनी ती शिकून घेतलेली बरी. ब्राउझरमध्ये जोडाक्षरं नीट उमटतात. मूळ सिस्टिमच्या छोट्या खिडक्यांत मात्र ती तुटलेली दिसू शकतात, कारण एफएलटीके हे त्यांचं साधन फार जुजबी आहे. फाइलींना मराठी नावं देऊन तिथे शोधत बसू नका.

वायफाय दर वेळी नव्याने जोडावं लागतं.

बूटलोकलमध्ये ‘वायफाय.एसएच -ए’ ही ओळ घाला, माहितीतलं नेटवर्क आपोआप जोडलं जाईल. कार्डासाठी लागणारं फर्मवेअरचं एक्स्टेंशन ऑनबूटमध्ये आहे ना ते बघा. पासवर्ड होममधल्या वायफाय.डीबी फाइलीत उघड्या अक्षरांत राहतो, तेव्हा मायडेटाची प्रत कुणाला देताना ती फाइल आधी काढा.

पेनड्राइव्हवरून कधी डेस्कटॉप येतो, कधी नुसता काळा पडदा. पेनड्राइव्ह खराब आहे का?

पेनड्राइव्ह आळशी आहे. कर्नल इतक्या झपाट्याने वर येतो की तोवर ड्राइव्हची ओळखच पटलेली नसते. टीसीई फोल्डर सापडत नाही, मग पुढे काहीच जोडलं जात नाही. बूटच्या ओळीत ‘वेटयूएसबी=५’ लिहा, म्हणजे तो पाच सेकंद थांबेल. तरी जमलं नाही तर आकडा वाढवा. त्यानंतरही रडला तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा आणि बरा ड्राइव्ह घ्या. सगळ्यात स्वस्त मागू नका. खरं तर जुन्या मशिनला छोटी साटा एसएसडी मिळाली तर पेनड्राइव्हचा नादच सोडावा.

अभ्यासिकेत रोज वेगळी मुलं बसतात. एकाने केलेले बदल दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून काय करता?

काहीच करत नाही, हेच उत्तर. बॅकअप घेतला नाही की रीस्टार्टनंतर सगळं पुसलं जातं. एकदा मशिन हवं तसं लावलं, एक शेवटचा बॅकअप घेतला, आणि मग मेनूतल्या बंद करण्याच्या बटणाऐवजी थेट ‘पॉवरऑफ’ चालवणारं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवलं. बॅकअप घेणारी स्क्रिप्ट त्या नेहमीच्या खिडकीतून चालते. थेट बंद केलं की ती मधे येतच नाही. चांगल्या मायडेटाची एक प्रत दुसरीकडे ठेवली आहे, कुणी चुकून बॅकअप घेतलाच तर ती परत टाकायची.

त्यामुळे कुणी जीमेलमधून बाहेर पडायला विसरला, कुणी वॉलपेपरवर हिरोईन लावली, कुणी ब्राउझरची भाषा चिनी करून ठेवली, सकाळी सगळं कोरं. अर्थात डाउनलोड्सचा फोल्डर डिस्कवर असल्याने त्यातलं राहतं. तो दर आठवड्याला रिकामा करतो आणि तशी पाटी लावली आहे.

म्हणजे हे सुरक्षित आहे ना?

चुकांपासून, हो. माणसांपासून, नाही. नेहमीचा ‘टीसी’ हा युजर पासवर्डशिवाय आत येतो आणि पासवर्डशिवाय रूट होतो. कुणी ठरवलं तर तो पायाच्या फाइलीही पुसू शकतो. सिस्टिम स्वतःहून तिथे लिहीत नाही एवढंच. बँकेचे व्यवहार सामायिक मशिनवर करू नका, मग ते कुठलंही लिनक्स असो.

हे सगळं पपी लिनक्समध्ये जास्त सोपं नाही का?

सोपं आहे. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये आणलेली पपी त्याच जातीची: पाया एका एसएफएस फाइलीत, तो फक्त वाचायचा, तुमचे बदल वेगळ्या सेव्ह फाइलीत किंवा फोल्डरात, आणि दोन्ही थर एकमेकांवर ठेवून एकच सिस्टिम दिसते. कोरी सिस्टिम बघायची तर ‘पीफिक्स=रॅम’ लिहून बूट करायचं. पहिल्याच दिवशी गाणी, प्रिंटर, वर्डसारखा प्रोग्रॅम असं सगळं हवं असणाऱ्या काकांना आम्ही पपीच देतो.

फरक असा, की पपीत कुठलाही बदल आपोआप सेव्हच्या थरात साचत जातो. टायनी कोअरमध्ये काय ठेवायचं ते तुम्हाला यादीत लिहून सांगावं लागतं. कटकट आहे, पण तीन वर्षांनी मशिनवर आपलं काय काय आहे ते एका पानात वाचता येतं.

किती जुना कॉम्प्युटर चालेल?

सिस्टिमला फार काही लागत नाही, ब्राउझरला लागतं. २ जीबी रॅम असेल तर बरं, ४ असेल तर निवांत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपल्यापासून जी मशिन्स लोक काढायला निघालेत ती या कामाला चांगलीच दणकट आहेत. प्रोसेसर ६४-बिट असेल तर ६४-बिट आवृत्तीच टाका, रॅम कमी असली तरी. मोझिलाने ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स १४४ ही शेवटची आवृत्ती ठरवली, त्यामुळे ३२-बिटवर पुढे ब्राउझरचीच पंचाईत आहे.

एखादी फाइल टीसीई जोडण्याच्याही आधी, अगदी सुरुवातीपासून हवी असेल तर? तेव्हा तरी कोअर.जीझेड उघडावी लागेल?

तेव्हाही नाही. बूटलोडरला एकाऐवजी दोन इनिटआरडी, म्हणजे सुरुवातीलाच रॅममध्ये उलगडायच्या कोअर.जीझेडसारख्या फाइली, देता येतात. तुमच्या फाइली योग्य उतरंडीत ठेवून सीपीआयओ या गठ्ठा बांधणाऱ्या आज्ञेने, ‘न्यूसी’ प्रकारात, बांधा, जीझिपने दाबा आणि त्या छोट्या फाइलीचं नाव कोअर.जीझेडच्या नंतर लिहा. सिसलिनक्स घराण्यातल्या बूटलोडरमध्ये मधे स्वल्पविराम, ग्रब२ मध्ये मोकळी जागा. कर्नल दोन्ही एकावर एक उलगडतो. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असेल तर नंतरची जिंकते. नको झालं तर बूटच्या ओळीतून नाव खोडा. याची गरज क्वचित पडते, पण ‘आता रीमास्टरशिवाय इलाज नाही’ असं वाटेल तेव्हा हा मार्ग आठवा.

नवी आवृत्ती कशी टाकायची?

पायाच्या दोन फाइली नव्या आणून जुन्यांच्या जागी ठेवायच्या. जुन्या पुसू नका, दुसऱ्या नावाने ठेवा आणि बूटच्या मेनूत त्यांची नोंद राहू द्या. मुख्य आकडा बदलत असेल तर एक्स्टेंशन्सचं भांडारही बदलतं, म्हणून ऑप्शनल फोल्डर नवा भरून घेणं उत्तम. नावात कर्नलचा क्रमांक असलेली एक्स्टेंशन्स, म्हणजे वायफाय-ग्राफिक्सची मॉड्यूल्स, नव्या कर्नलसाठी नव्यानेच घ्यावी लागतात. म्हणून वायफायवर अवलंबून असाल तर त्या दिवसापुरती लॅनची वायर हाताशी ठेवा. गाठोडं तसंच चालतं. ते छोटं ठेवलं असेल तर.

काहीतरी बिघडलंय, पण काय ते कळत नाही. कुठून सुरुवात करू?

आधी ‘बेस नोरिस्टोअर’ने बूट करा. चाललं, तर फक्त ‘नोरिस्टोअर’ने करा, म्हणजे प्रोग्रॅम जोडले जातील पण गाठोडं सुटणार नाही. इथेही चाललं तर गडबड मायडेटामध्ये. नाही चाललं तर ऑनबूटमधल्या कुठल्यातरी एक्स्टेंशनमध्ये. मग यादीची छोटी प्रत करून ‘एलएसटी=’ने ती वापरायला सांगा आणि निम्मी निम्मी नावं गाळत जा. मूळ यादी तशीच राहते.

आम्हाला फोन करायच्या आधी एवढं केलेलं असावं.

नको झालं तर काढायचं कसं?

बूटलोडरमधली नोंद काढा. मग पायाच्या दोन फाइली जिथे आहेत तो फोल्डर आणि टीसीई, हे दोन फोल्डर पुसा. डाउनलोड्ससाठी पार्टिशनवर केलेला फोल्डर आधी उघडून बघा, कुणाच्या तरी नोट्स त्यात असतातच.